दैव, उपेक्षा आणि धुराचा गजर

परक्याची ठेव सांभाळणे हे आपल्याकडे पूर्वीपासून मोठ्या जोखमीचे काम मानले गेले आहे. स्वतःच्या घरातील दागिना हरवला तर माणूस हळहळतो आणि गप्प बसतो. परंतु शेजाऱ्याने गावाला जाताना विश्वासाने हाती दिलेली डबी हरवली तर त्याला तोंड दाखवावयास जागा उरत नाही. एका डबीची ही कथा. मग सकाळी आठाच्या सुमारास एखादी तरुण आई दारात उभी राहते, आपले दहा महिन्यांचे मूल दुसरीच्या कडेवर देते आणि मागे वळून न पाहता कामावर निघून जाते, त्या ठेवीविषयी काय म्हणावे?

हा प्रश्न माझ्यापुढे पुस्तकातून आला नाही. आपल्या सभासद-कुटुंबांपैकी कित्येकांची मुलेबाळे आज देशोदेशी स्थिरावली आहेत. माझी एक भाची ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्यात, ब्रिस्बेन शहराच्या एका उपनगरात राहते आणि आपल्या राहत्या घरीच पाळणाघर चालविते. तिकडे या व्यवस्थेस 'फॅमिली डे केअर' असे नाव आहे. एका बाईने एका वेळी सातांहून अधिक मुले घ्यावयाची नाहीत, आणि त्यांत शाळेस न जाणारी लहान मुले चारांहून अधिक असावयाची नाहीत, असा नियम आहे. घराची वर्षातून एकदा तरी तपासणी होते. संकटसमयी मुलांना बाहेर कसे काढावयाचे याची रंगीत तालीम दर तीन महिन्यांनी करावी लागते. २०२३ साली जून ते ऑगस्ट असे तीन महिने मी तिच्याकडे मुक्कामास होतो. एका सायंकाळी शेवटचे मूल घरी गेल्यावर चहा घेताना ती म्हणाली, "मामा, कायद्याने जेवढे हवे तेवढे सगळे माझ्या घरात आहे. तपासणीसुद्धा बिनतक्रार झाली. तरी दुपारी मुले निजली की माझी नजर सारखी छताकडे का जाते?"

छताला पांढऱ्या बशीएवढे दोन गजर होते. एक शयनगृहांपुढील बोळात, दुसरा स्वयंपाकघराच्या तोंडाशी. धुराची चाहूल लागताच कर्कश आवाज करणारे हे यंत्र, ज्याला स्मोक अलार्म म्हणतात, आपल्याकडील घरांतून फारसे आढळत नाही. म्हणून त्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो.

जुने गजर बहुधा आयोनायझेशन पद्धतीचे असतात. त्यांत अमेरिशियम या किरणोत्सारी द्रव्याचा अत्यल्प अंश ठेवलेला असतो. त्याच्या योगाने आतील हवेतून विजेचा अगदी बारीक प्रवाह वाहत राहतो, आणि धूर शिरला की तो मंदावतो. भडकलेल्या ज्वाळेला हे यंत्र चटकन दाद देते; परंतु गादीत किंवा सोफ्याच्या पोटात तासन्‌तास धुमसणाऱ्या आगीची वर्दी ते उशिरा देते. उलट पोळी करपली की मात्र तत्काळ बोंब ठोकते. (मग घरधनी खुर्चीवर चढून बॅटरी काढून ठेवतो आणि ती परत बसवावयाची राहून जाते.) दुसरा प्रकार फोटोइलेक्ट्रिक. दुपारी अंधाऱ्या माजघरात कवडसा पडला म्हणजे एरवी न दिसणारी धूळ त्यात चमकू लागते, हे आपण लहानपणापासून पाहिलेले आहे. तत्त्व तेच. यंत्राच्या काळोख्या पेटीत प्रकाशाची एक तिरीप सोडलेली असते. धूर आत आला की ती विखुरते, बाजूस बसविलेल्या डोळ्यावर पडते आणि गजर सुरू होतो. धुमसणारी आग या यंत्रास लवकर कळते. झोपलेल्या माणसाचा घात ज्वाळेपेक्षा धूरच आधी करतो, आणि झोपेत आपले नाक आपल्याला भरवशाने जागे करीत नाही, ही गोष्ट ध्यानी घेतली म्हणजे या फरकाचे महत्त्व कळून येते.

क्वीन्सलँडमधील नियम एकाएकी आलेले नाहीत. १९९७ पासून नव्या घरांत विजेच्या तारेवर चालणारा गजर सक्तीचा झाला. २००७ पासून प्रत्येक घरात, बॅटरीवर चालणारा का होईना, निदान एक गजर हवा असे ठरले. पुढे २४ ऑगस्ट २०११ रोजी मध्यरात्र उलटल्यावर ब्रिस्बेनजवळील स्लॅक्स क्रीक येथे एका घरास आग लागली आणि तीन पिढ्यांची अकरा माणसे, लहान मुलांसह, एका रात्रीत गेली. मृत्यूची चौकशी करणाऱ्या न्यायाधिकाऱ्यापुढे या दुर्घटनेची साद्यंत छाननी झाली, गजरांविषयी शिफारशी झाल्या, आणि २०१६ साली नवा कायदा संमत झाला. त्यानुसार गजर फोटोइलेक्ट्रिकच हवा; तो प्रत्येक शयनगृहात, शयनगृहांना उर्वरित घराशी जोडणाऱ्या बोळात आणि प्रत्येक मजल्यावर हवा; तो दहा वर्षांहून जुना नसावा; आणि घरातील सर्व गजर एकमेकांशी जोडलेले असावेत. म्हणजे एका टोकाच्या खोलीत धूर झाला तरी घरभर सगळे एकदम वाजावेत. अंमलबजावणी मात्र तीन टप्प्यांनी ठरली. नव्याने बांधलेल्या किंवा मोठी दुरुस्ती केलेल्या घरांना १ जानेवारी २०१७ पासून, भाड्याने दिलेल्या आणि विकल्या जाणाऱ्या घरांना १ जानेवारी २०२२ पासून, आणि मालक स्वतः राहतो अशा उरलेल्या घरांना १ जानेवारी २०२७ पासून.

माझ्या भाचीने घर घेतले २०१८ साली आणि ती त्यात स्वतःच राहते. अर्थात तिला २०२७ पर्यंत मोकळीक होती. तिचीच एक मैत्रीण पाळणाघर चालविते, पण भाड्याच्या घरात. तिच्या घरमालकाने २०२२ उजाडण्यापूर्वीच प्रत्येक खोलीत नवे गजर बसवून दिले होते. दोन्ही घरे लाकडी सांगाड्याची, दोन्हींत तितकीच मुले. एका घरात पाच जोडलेले गजर असणे हे कर्तव्य, आणि दुसऱ्यात दोन सुटे जुने गजर असणे हेही निर्दोष! आगीने दिनदर्शिका पाहून कोणत्या घरात शिरावयाचे ते ठरवावे, अशी काही ही व्यवस्था झाली.

आता मुख्य प्रश्नाकडे येतो. नियम बदलला म्हणजे कर्तव्य बदलते काय? काल जी गोष्ट पुरेशी होती ती आज अपुरी ठरली, तर काल तसे वागणारा माणूस दोषी होता असे म्हणावयाचे, की आज नव्याने दोषी झाला असे म्हणावयाचे? आणि नियम अद्याप लागू झालेला नाही, परंतु त्यामागचे ज्ञान आपल्यापर्यंत येऊन पोहोचले आहे, अशा मधल्या काळात माणसाने कसे वागावे?

ठेवीच्या बाबतीत आपल्या धर्मशास्त्रकारांनी पुष्कळ खल केलेला आहे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात निक्षेपाचे, म्हणजे ठेवीचे प्रकरण आहे. चोरांनी नेलेली, पाण्याने वाहून गेलेली किंवा अग्नीने जळालेली ठेव सांभाळणाऱ्याने भरून देण्याचे कारण नाही, असा तेथे निर्णय आहे. अट एवढीच की त्याने तीतून स्वतः काही काढून घेतलेले नसावे. याज्ञवल्क्यानेही राजा, दैव आणि चोर यांच्यामुळे झालेल्या हानीतून ठेवधारकास मुक्त केले आहे. नारदस्मृतीत आणखी एक मार्मिक कसोटी सापडते. सांभाळणाऱ्याच्या स्वतःच्या चीजवस्तूसह ठेव नष्ट झाली असेल तर ते नुकसान ठेवणाऱ्याचे, मात्र त्यात काही कपट नसावे. स्वतःचेही जळले असेल तर माणसाच्या दानतीविषयी शंका घेण्यास जागा राहत नाही, हा त्यातील आशय.

प्रथमदर्शनी पाहता माझ्या भाचीची चिंता येथेच मिटावयास हवी होती. अग्नी हे दैव, दैवापुढे इलाज नाही, आणि त्या घरात तिचा स्वतःचा पाच वर्षांचा मुलगाही दुपारी त्याच मुलांबरोबर निजतो. तेव्हा नारदाच्या कसोटीसही ती उतरते. परंतु निबंधकारांनी आधारास घेतलेले आणखी एक स्मृतिवचन आहे आणि ते सोयीचे नाही. ठेव स्वतः वापरून संपविली तर ती वाढीसह परत द्यावी, उपेक्षेमुळे नष्ट झाली तर तेवढीच भरून द्यावी, आणि अज्ञानामुळे नष्ट झाली तर त्याहून किंचित कमी द्यावी, अशी तेथे प्रतवारी आहे. त्यातील 'किंचित' या शब्दावर मी पुष्कळ विचार केला. अज्ञानाने सुटका होते असे तो स्मृतिकार म्हणत नाही. थोडीशी सूट मिळते, एवढेच म्हणतो. दुसऱ्याची वस्तू हाती घेतल्यावर ती कशाने नष्ट होऊ शकते हे जाणून घेणे हाही सांभाळण्याचाच भाग आहे, असे त्याच्या मनात असले पाहिजे.

दैव आणि उपेक्षा यांच्यामधील रेषा कोठे आहे, हा यातला खरा पेच. माझे मत असे की ती रेषा स्थिर नाही, ती सरकत आली आहे. पन्नास-साठ वर्षांपूर्वी मध्यरात्री कोनाड्यात धुमसू लागलेल्या आगीची वर्दी झोपलेल्या माणसास देईल असे काहीच सामान्य घरात नव्हते. त्या काळी ते दैवच होते, आणि तसे म्हणणाऱ्यास खोटे कोण पाडणार? स्वित्झर्लंडमध्ये वॉल्टर येगर या शास्त्रज्ञाने १९३० नंतरच्या दशकात विषारी वायू ओळखणारे यंत्र करण्याची खटपट केली. ते वायूला ओळखीना, परंतु त्याने सिगारेट पेटविली तेव्हा तिच्या धुराने यंत्राची सुई हलली, असे सांगतात. १९७० नंतर बॅटरीवर चालणारे स्वस्त गजर बाजारात आले आणि सामान्य कुटुंबाच्या आवाक्यात बसले. त्या दिवसापासून दैवाच्या राज्यातील एक तुकडा माणसाच्या हद्दीत आला. हद्द वाढली तशी जबाबदारीही वाढली. नियमांच्या ज्या तारखा आपल्याला कटकटीच्या वाटतात, त्या माझ्या दृष्टीने या सरकत्या रेषेच्या नोंदी आहेत.

एवढे मान्य केले की पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळते. २००७ साली एकच गजर लावून निश्चिंत झालेली बाई दोषी नव्हती. तिच्या काळी जे ठाऊक होते आणि जे साध्य होते ते तिने केले. तिला आजच्या मापाने मोजणे अन्याय होईल. कठीण आहे तो दुसरा प्रश्न, मधल्या काळाचा.

त्याच रस्त्यावर एक वयस्क बाई राहतात. वीस वर्षांहून अधिक काळ त्या घरी मुले सांभाळीत आल्या आहेत. त्यांच्याकडे वाढलेली मुले आता कॉलेजात जातात आणि रस्त्यात भेटली तर त्यांना कडकडून भेटतात. घर त्यांचे स्वतःचे. भाचीने त्यांच्याजवळ गजरांचा विषय काढला तेव्हा मीही तेथे होतो. त्या शांतपणे म्हणाल्या, "सरकारकडे तज्ज्ञ आहेत. धोका आजचा असता तर त्यांनी आजचीच तारीख दिली असती. २०२७ म्हटले आहे, त्याअर्थी २०२७ चालते." त्या आळशी नव्हेत आणि चिक्कूही नव्हेत. त्यांचे बोलणे ऐकून मला लगेच उत्तर सुचले नाही, हे मी प्रांजळपणे सांगतो. नियम पाळणाऱ्या माणसाने नियम करणाऱ्यावर भरवसा ठेवला तर त्यात गैर काय?

दोन दिवसांनी मला त्या युक्तिवादातील उणीव दिसली, आणि ती भाडेकरूच्या तारखेत होती. धोका लांबचा असता तर भाड्याच्या घरांना पाच वर्षे आधीची तारीख कशासाठी दिली? लाकूड तेच, वीज तीच, झोपही तीच. फरक इतकाच की भाडेकरू स्वतःच्या मर्जीने भिंतीला खिळा ठोकू शकत नाही. त्याचा जीव दुसऱ्याच्या निर्णयावर अवलंबून आहे, म्हणून कायद्याने त्यास आधी संरक्षण दिले. मालकाच्या हाती मात्र उपाय आहे. तो उद्या बाजारात जाऊन गजर आणू शकतो. न आणला तर स्वतःच्या जिवाचा धोका स्वतःच पत्करतो. शिवाय लक्षावधी घरे, मोजके वायरमन आणि लोकांच्या खिशाला बसणारी झळ हे सारे पाहून राज्यकर्त्यांना टप्पे पाडावेच लागतात. ही सवलत मालकाच्या पैशाच्या पिशवीस दिलेली आहे. परंतु पाळणाघरात निजलेले मूल त्या घराचे मालक आहे काय? त्याला खिळा ठोकता येत नाही, गजर आणता येत नाही, दुसरे घर निवडता येत नाही. ते त्या घरात भाडेकरूसारखे आहे; किंबहुना भाडेकरूहूनही पराधीन. मालकाने स्वतःपुरती घेतलेली सवलत त्या मुलाच्या नावे खर्च करावयाची, हे मला कोठेतरी चुकल्यासारखे वाटते.

कौटिल्याने हा भेद फार पूर्वी ओळखला होता, असे म्हणावयास आधार आहे. अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात नगराचा कारभार पाहणाऱ्या अधिकाऱ्याविषयी जो अध्याय आहे, त्यात आगीच्या बंदोबस्ताचे बारीकसारीक नियम आहेत. प्रत्येक घरात पाण्याने भरलेले घट, शिडी, कुऱ्हाड, सूप, आकडा, पाण्याची कातडी पिशवी ही साधने तयार ठेवावीत. न ठेवल्यास पाव पण दंड. जळणाऱ्या घराकडे धावून न जाणाऱ्या घरमालकास बारा पण दंड, भाडेकरूस सहा पण. हलगर्जीने आग लागू दिली तर चौपन्न पण. ज्याचा वास्तूवर अधिकार अधिक त्याच्यावर भारही अधिक, ही दृष्टी त्या आकड्यांत स्पष्ट दिसते. आणि घट भरून ठेवले नाहीत म्हणून आग लागण्याआधीच दंड करणारा तो राजपुरुष लोकांना किती जाचक वाटत असेल, याचीही कल्पना करवते.

जाचाची तक्रार खोटी आहे असे मात्र मी म्हणणार नाही. आई-बाप घरगुती पाळणाघर निवडतात ते घरपणासाठी. तेथे फोडणीचा वास असतो, आजीसारखी कुणी थोपटणारी असते, कपाटावर कुणाच्या तरी लग्नाचा फोटो असतो. त्या घरात एकामागून एक नियम शिरू लागले, दारावर फलक, भिंतीवर तक्ते, प्रत्येक गोष्टीची नोंदवही, की घराचे कार्यालय होते. आणि थकलेली बाई एके दिवशी म्हणते, पुरे झाले, आता मुले घेत नाही. मग त्या मुलांनी जावयाचे कोठे? एखाद्या स्वस्त, कुठेच नोंद नसलेल्या जागी! नियमांची भर घालणाऱ्यांनी याचा हिशेब ठेवला पाहिजे. पण गजराविषयी ही तक्रार मला लागू पडत नाही असे वाटते. तो छताला असतो, कुणाच्या थोपटण्याच्या आड येत नाही, आणि त्याला रोज लिहून काही द्यावे लागत नाही.

दुसरा एक आक्षेप याहून खोल आहे. ज्ञानाबरोबर कर्तव्य वाढते असे म्हटले, तर त्याला अंत कोठे? उद्या याहून चांगले यंत्र येईल, परवा आणखी चांगले. प्रत्येक शोधाबरोबर माणूस नव्याने अपराधी ठरू लागला तर मूल सांभाळण्याचे धाडसच कुणी करणार नाही. भाचीची नजर छताकडे जात होती, तिचे कारण काही अंशी हीच अनंत शंका होती. येथे मला नियमाची दुसरी बाजू दिसली, जी आपण सहसा विसरतो. नियम भार टाकतो, तसा तो भार उतरवितोही. ज्यांनी शेकडो आगींचा अभ्यास केला त्यांनी विचारपूर्वक सांगितले आहे की इतके गजर, अशा जागी, या जातीचे, दहा वर्षेपर्यंत. एवढे केलेस तर तुझ्याकडून अपेक्षित ते झाले. काळजीने पोखरलेल्या मनास कुणीतरी 'आता पुरे' म्हणावे लागते. प्रेमाला स्वतः ते म्हणता येत नाही. मी भाचीला एवढेच म्हणालो, "मोजमाप तर तुझ्यापुढे तयार आहे. तारीख सरकारची आहे, ती तू आपली मानलीच पाहिजेस असे नाही."

मनूने घातलेली ती अट, ठेवीतून काही काढून घेतलेले नसावे, तीही माझ्या डोक्यातून जात नव्हती. आई-बाप दरमहा जे पैसे देतात ते सुरक्षित सांभाळण्याचे मोल आहे. सांभाळण्याचा एक ठाऊक असलेला खर्च चार वर्षे वाचवावयाचा आणि मोल मात्र पुरते घ्यावयाचे, याला ठेवीतून काढून घेणे म्हणावे काय? तर्क थोडा ताणलेला आहे, हे मला कळते. भाचीजवळ मी तो बोललो नाही. तिने स्वतःच एक सोपी कसोटी काढली. ती म्हणाली, "मामा, उद्या सकाळी दारात त्या बाळाच्या आईला मी सांगू शकेन का, की माझे गजर जुने आहेत, चांगले कोणते ते मला ठाऊक आहे, पण तारीख अजून लांब आहे? मला नाही सांगता येणार." त्या महिन्यात कपडे धुण्याचे नवे यंत्र घ्यावयाचे होते, ते लांबणीवर पडले.

गजर बसवावयास आलेल्या इलेक्ट्रिशियनने कायद्याप्रमाणे हिशेब केला. तीन शयनगृहे, एक बोळ, आणि घर एकमजली. चार पुरे होते. भाचीने विचारले, "आणि बैठकीच्या खोलीत?" तो म्हणाला, तेथे नियमाने लागत नाही, ते शयनगृह नव्हे. त्याचे म्हणणे बरोबर होते. परंतु त्या घरात दुपारी साडेबारा ते अडीच मुले निजतात ती बैठकीच्या खोलीतच. तेथेच छोट्या गाद्या अंथरल्या जातात, तेथेच बाळाचा पाळणा. कायद्याने 'शयनगृह' म्हणताना रात्रीचे, मोठ्यांचे घर डोळ्यांपुढे ठेवले. दुपारचे, लहानांचे घर त्याच्या शब्दांत बसले नाही. नियमाचा शब्द पुरता पाळूनही त्याचा हेतू हुकू शकतो, हे इतके उघड उदाहरण मी पूर्वी पाहिले नव्हते. पाचवा गजर तेथे बसला.

मुलांच्या झोपेविषयी आणखी एक गोष्ट सांगावयाची आहे. गजर झाला की मूल उठेल, ही आपली समजूत चुकीची आहे. अमेरिकेतील ओहायो राज्यात पाच ते बारा वर्षांच्या १७६ मुलांवर झालेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात असे दिसून आले की नेहमीच्या कर्कश गजराने गाढ झोपेतून जेमतेम निम्मी मुले जागी झाली. आईच्या आवाजात हाक मारणाऱ्या गजराने मात्र दहांतील जवळजवळ नऊ उठली. यंत्राच्या किंकाळीपेक्षा आईची हाक झोपेत खोल उतरते, हे कोणत्याही आजीला कुणी न सांगता ठाऊक असते. आता ते मोजून झाले. पाळणाघरात आईची हाक नसते. गजर तेथे मुलासाठी वाजतच नाही. तो वाजतो त्या एका बाईसाठी, जी त्या क्षणी परसात ओले कपडे वाळत घालीत असेल. यंत्राने तिची जागा घेतली नाही, तिचे कान घरभर पसरले, एवढेच.

मी निघण्याच्या आधीच्या आठवड्यात तिमाही तालीम होती. पलीकडच्या वयस्क बाई कुंपणाशी उभ्या राहून पाहत होत्या. त्यांनी आपले मत बदलले की नाही हे मी विचारले नाही, आणि त्यांना दोषी म्हणावयास आजही माझी जीभ रेटत नाही. मुले निजल्यावर भाचीने मुद्दाम बोळातील गजराची कळ दाबली. पाचही गजर एकदम ओरडू लागले. तिचा स्वतःचा मुलगा आणि आणखी एक मुलगी दचकून उठली आणि शिकविल्याप्रमाणे दाराकडे गेली. दोन वर्षांचा एक मुलगा उठून बसला आणि तेथेच रडू लागला. पाळण्यातल्या दहा महिन्यांच्या बाळाने कूससुद्धा बदलली नाही. भाचीने त्याला उचलून खांद्यावर घेतले, रडणाऱ्याला दुसऱ्या हाताने कडेवर घेतले, पुढे दोघांना घालून ती आंब्याच्या झाडाखाली जाऊन पोहोचली आणि तिने मुले मोजली. मग मनगटावरील घड्याळ पाहिले. घरात परत आल्यावर तिने पहिले काम केले ते हे की खिडकीखालचा पाळणा ओढून दाराजवळ आणून ठेवला.